औषध घातलेले सिमेंट : पन्नास वर्षांनंतर प्रश्न कुठे उभा आहे

गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर शंभरातल्या साधारण एक-दोन रुग्णांच्या कृत्रिम सांध्यात खोलवर जंतुसंसर्ग होतो. आकडा छोटा आहे. पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला सांधा उघडून धुणे, काढणे, आठवडेच्या आठवडे शिरेतून औषधे घेणे, पुन्हा सांधा बसवणे यातून जावे लागते. काहींचा पाय कायमचा आखडतो, क्वचित तो कापावाही लागतो. रस्त्यावरच्या अपघातात हाड मोडून उघडे पडले आणि आत सळई किंवा पट्टी बसवावी लागली, तर संसर्गाचे प्रमाण याहून कितीतरी जास्त असते.

या संसर्गावर अस्थिरोगतज्ज्ञांच्या हाती असलेले एक जुने साधन म्हणजे प्रतिजैविक मिसळलेले हाडांचे सिमेंट. सांधा बसवताना, संसर्ग झालेला सांधा काढल्यावर मधली पोकळी भरताना, सडलेल्या हाडाच्या खोबणीत मणी ठेवताना, सळईवर थर चढवताना अशा अनेक कामांसाठी ते वापरतात. वापर इतका रुळला आहे की त्यामागचा पुरावा भक्कम असेल असे सहज वाटते. तो काही बाबतींत भक्कम आहे, काहींत तुटपुंजा आहे, तर काही ठिकाणी पाहिजे तशी चाचणी कधी झालेलीच नाही. कोणती बाब कोणत्या कप्प्यात बसते, ते पाहण्यासाठी हा आढावा.

धातूवर जंतू का टिकतात

शरीरात परकी वस्तू असली की संसर्गाला फार थोडे जंतू पुरतात. 1957 साली एलेक आणि कोनेन या ब्रिटिश संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी लाखो जंतू लागत. तिथे रेशमी टाका असेल तर शंभराच्या आसपास पुरत. कृत्रिम सांधा हा त्या टाक्याचाच मोठा भाऊ.

जंतू एकदा धातूवर, प्लास्टिकवर किंवा सिमेंटवर चिकटले की स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. आवरणाच्या आतले जंतू सुस्तावलेले असतात, त्यांची वाढ मंद असते, आणि बहुतेक प्रतिजैविके तर वाढत्या जंतूंवरच चांगली चालतात. त्यामुळे मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा इथे लागू शकते. तेवढे औषध शिरेतून द्यायचे तर मूत्रपिंडे आणि कान आधी निकामी होतील. अँथनी ग्रिस्टिना यांनी 1987 मध्ये ही सगळी घटना पृष्ठभागासाठीची शर्यत म्हणून मांडली. रोपणाच्या पृष्ठभागावर आधी शरीराच्या पेशी पोहोचल्या तर रोपण टिकते, जंतू पोहोचले तर संसर्ग जडतो.

त्यातून निघालेला विचार सरळ आहे. औषध रक्तातून सगळीकडे फिरवण्याऐवजी जिथे हवे तिथेच भरपूर ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर सांध्यात साचणाऱ्या रक्तात आणि द्रवात औषधाची पातळी प्रचंड राहील आणि बाकीच्या शरीरात नगण्य. आज आपण जे वाद पाहतो ते या विचाराच्या योग्यायोग्यतेबद्दल फारसे नाहीत. वाद आहे तो सिमेंट हे या कामासाठी कितपत चांगले वाहन आहे याबद्दल.

हॅम्बुर्गची कल्पना

हाडांचे सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, अर्थात दंतवैद्य कवळीसाठी वापरत ते अ‍ॅक्रिलिक. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा कृत्रिम सांधा मांडीच्या हाडात पक्का बसवण्यासाठी ते वापरायला सुरुवात केली. नावात सिमेंट असले तरी ते डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या जाळीदार खाचांत शिरून कडक होते आणि भार पसरवून देते.

चार्नली यांच्या सुरुवातीच्या मालिकेत संसर्ग शेकडा सातच्या पुढे होता. त्यांनी उपाय शोधला तो हवेत. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात शस्त्रक्रियेभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली, शल्यचिकित्सकांना श्वास बाहेर खेचून नेणारे पोशाख दिले, आणि प्रमाण एका टक्क्याच्या खाली आणले. जर्मनीत हॅम्बुर्गचे हान्स विल्हेल्म बुखोल्झ दुसऱ्या वाटेने गेले. सिमेंट कडक झाल्यावर त्यातला न जुळलेला मोनोमर, म्हणजे सिमेंटचा मूळ द्रव घटक, हळूहळू पाझरतो हे माहीत होते. मग प्रतिजैविकही पाझरेल का? बुखोल्झ आणि एंगेलब्रेख्ट यांनी 1970 मध्ये पालाकोस नावाच्या सिमेंटमध्ये वेगवेगळी प्रतिजैविके मिसळून ती बाहेर येतात असे दाखवले. त्यांतून जेंटामायसिन टिकले. ते पाण्यात विरघळते, अनेक जातींच्या जंतूंवर चालते आणि सिमेंट कडक होताना निर्माण होणाऱ्या उष्णतेत नासत नाही.

बुखोल्झ यांनी पुढे जाऊन संसर्ग झालेला खुबा काढून त्याच बैठकीत औषधी सिमेंटने नवा बसवायला सुरुवात केली. 1981 साली त्यांच्या गटाने 583 रुग्णांचा अनुभव छापला. एका शस्त्रक्रियेत संसर्ग आटोक्यात येण्याचे प्रमाण 77 टक्के होते. त्याच काळात फ्रँकफर्टच्या क्लाउस क्लेम यांनी जुनाट अस्थिशोथासाठी 7 मिलिमीटर व्यासाचे जेंटामायसिन सिमेंटचे मणी तारेत ओवून वापरले. आणि 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल व सहकाऱ्यांनी संसर्ग झालेल्या गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. सांधा काढा, सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्या, मग नवा सांधा बसवा. त्यांच्या मूळ पद्धतीत मधल्या काळात सिमेंटचा ठोकळा नव्हता. तो पुढे आला आणि त्याला स्पेसर हे नाव पडले. आज चाललेल्या जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ या दीड दशकात सापडते.

औषध बाहेर येते कसे, आणि किती

सिमेंटच्या एका नेहमीच्या पुडीत 40 ग्रॅम पावडर असते. सोबतच्या कुपीतला द्रव मोनोमर तिच्यात मिसळला की काही मिनिटांत कणीक होते आणि मग ती दगडासारखी कडक होते. कडक होताना उष्णता निघते. प्रयोगशाळेत तापमान 80 अंशांपलीकडे जाऊ शकते, शरीरात रक्तप्रवाह आणि पातळ थर यांमुळे बरेच कमी राहते. म्हणून औषध उष्णता सोसणारे, पाण्यात विरघळणारे आणि पावडरीच्या रूपात मिळणारे असावे लागते. जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन, क्लिंडामायसिन ही त्यामुळेच नेहमीची नावे. उलट रिफाम्पिसिन हे बायोफिल्मवरचे उत्तम औषध, पण ते मिसळले तर सिमेंट नीट कडकच होत नाही. या एका अडचणीमुळे कितीतरी आशादायक बेत तिथल्या तिथे थांबले आहेत.

बहुतेक वाचकांना, आणि काही डॉक्टरांनाही, चकित करणारी गोष्ट अशी की मिसळलेल्या औषधातला फार छोटा हिस्सा बाहेर येतो. बऱ्याच मोजण्यांत तो दहा टक्क्यांच्या आत भरतो. सिमेंट फारसे पाणी शोषत नाही. पृष्ठभागालगतचे आणि एकमेकांना जोडलेल्या छिद्रांतले कण विरघळतात, आतले कण बेदाण्यांसारखे कायमचे अडकून राहतात. पहिल्या काही तासांत, फार तर दिवसांत, मोठा लोंढा येतो. मग पातळी झपाट्याने घसरते आणि एक बारीक धार आठवडे, कधी महिने चालू राहते. लोंढा उपयोगाचा यावर एकमत आहे. धार उपयोगाची की घातक, हा प्रश्न मात्र पुढे पुन्हा येणार आहे.

छिद्रे वाढवली की औषध जास्त सुटते आणि ताकद घटते. दोन्ही एकाच दोरीची टोके. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सांधा बसवायच्या सिमेंटची दाबशक्ती किमान 70 मेगापास्कल हवी. म्हणून सांधा कायमचा बसवताना 40 ग्रॅममागे 0.5 ते 1 ग्रॅम औषध घालतात. हे कमी मात्रेचे सिमेंट. तात्पुरत्या स्पेसरवर आयुष्यभराचा भार नसतो, त्यामुळे तिथे 40 ग्रॅममागे 3.6 ग्रॅम किंवा त्याहून जास्त घालण्याची सूचना प्रचलित आहे. टोब्रामायसिन आणि व्हँकोमायसिन एकत्र घातले तर दोन्ही जास्त सुटतात असेही आढळले आहे, कारण एकाचे कण विरघळले की दुसऱ्याला वाट मोकळी होते.

कारखान्यातले तयार मिश्रण एकसारखे असते. शस्त्रक्रियागृहात हाताने मिसळलेल्यात गाठी राहतात, आणि एकाच हातचे दोन स्पेसर सारखे वागतीलच असे नाही. आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. जेंटामायसिन बहुतेक ठिकाणी इंजेक्शनच्या द्रवरूपातच मिळते, आणि द्रव मिसळला की सिमेंटची ताकद मोठ्या प्रमाणात ढासळते. म्हणून व्हँकोमायसिनच्या पावडरीच्या कुप्यांवर भर येतो. अशा वेळी औषध जंतू पाहून निवडले जात नाही. बाजारात पावडर कशाची मिळते, यावर निवड ठरते.

संसर्ग होऊच नये म्हणून

पहिला वाद प्रतिबंधाचा. प्रत्येक नव्या सांध्यात औषधी सिमेंट वापरावे का?

उत्तर युरोपचे उत्तर कधीच ठरलेले आहे, ते म्हणजे होय. स्वीडनमधल्या जोसेफसन यांच्या चाचणीत 1,688 खुबे होते. एका गटाला जेंटामायसिन सिमेंट, दुसऱ्याला साधे सिमेंट आणि शरीरात प्रतिजैविके. दोन वर्षांनी खोल संसर्ग अनुक्रमे 0.4 आणि 1.6 टक्के होता. दहा वर्षांनी मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उरला नाही. नॉर्वेच्या सांधेरोपण नोंदवहीने 2003 मध्ये 22,170 खुब्यांचा हिशेब मांडला. त्यात सिमेंटमधले आणि शरीरातले प्रतिजैविक दोन्ही मिळालेल्यांचे निकाल सर्वांत चांगले होते. नोंदवही म्हणजे चाचणी नव्हे, पण इतक्या मोठ्या आणि इतक्या प्रामाणिक नोंदींना वजन आहे.

गुडघ्याचे चित्र निराळे. तैवानमधल्या एका चाचणीत 340 गुडघ्यांत सेफ्युरोक्झिम सिमेंटने संसर्ग शून्यावर आला, साध्या सिमेंटच्या गटात तो 3.1 टक्के होता. त्यानंतर 2013 मध्ये बार्सिलोनाहून 2,948 गुडघ्यांची चाचणी आली. तिथे एरिथ्रोमायसिन-कोलिस्टिन सिमेंट आणि साधे सिमेंट यांत काहीच फरक दिसला नाही. टीकाकारांनी लगेच विचारले की हीच दोन औषधे का निवडली. प्रश्न रास्त आहे. कॅनडाच्या नोंदवहीतही साडेछत्तीस हजारांवर गुडघ्यांत फरक सापडला नाही. अमेरिकेतल्या कैसर या आरोग्यसेवा समूहाच्या 22,889 गुडघ्यांच्या अभ्यासात तर औषधी सिमेंटच्या गटात संसर्ग 1.4 टक्के आणि साध्या गटात 0.7 टक्के निघाला! यावरून औषधाने संसर्ग वाढतो असे म्हणता येत नाही. तिथे धोका जास्त असलेल्यांना औषधी सिमेंट अधिक दिले जात होते, म्हणून मुळातच जास्त संसर्ग व्हायचे रुग्ण त्या गटात गोळा झाले. नोंदवह्या वाचताना हा सापळा लक्षात ठेवावा लागतो.

अमेरिकी अस्थिशल्य अकादमीने 2015 च्या मार्गदर्शनात मर्यादित पुराव्यावरून प्राथमिक गुडघेबदलात सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही. तिथल्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये तयार औषधी सिमेंटला परवानगी दिली होती, तीही संसर्गानंतरच्या दुसऱ्या टप्प्यासाठी. म्हणजे एकाच काळात, जवळपास तेच पुरावे वाचून, ऑस्लो आणि शिकागोचे शल्यचिकित्सक उलट दिशांना गेले. यात अज्ञानाचा भाग कमी, हिशेबाचा जास्त आहे. किंमत कोण भरतो, साध्या सिमेंटचा संसर्गदर मुळात किती आहे, प्रतिरोधाची भीती कोणाला किती वाटते, यावर निर्णय झुकतो. नॉर्वेने आता स्वतःच्याच नेहमीच्या पद्धतीची परीक्षा घ्यायची ठरवली असून गुडघ्यात साधे सिमेंट औषधी सिमेंटइतकेच सुरक्षित आहे का, हे पाहणारी नोंदवहीवर बेतलेली चाचणी हाती घेतली आहे. ज्या देशाने ही पद्धत सर्वांत निष्ठेने पाळली त्यानेच ती तपासायला घ्यावी, ही शास्त्रीय प्रामाणिकपणाची खूण वाटते.

आणखी एक उत्तर अलीकडे मिळाले. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडलेल्यांत अर्धा सांधा सिमेंटने बसवतात. हे रुग्ण अशक्त असल्याने संसर्गाचा धोका जास्त. मग त्यांना दुहेरी औषधाचे, जास्त मात्रेचे सिमेंट द्यावे का? ब्रिटनमधल्या 26 रुग्णालयांतल्या 4,936 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये आले. नव्वद दिवसांत खोल संसर्ग जास्त मात्रेच्या गटात 1.2 टक्के, कमी मात्रेच्या गटात 1.7 टक्के. फरक ठरवण्याइतका नाही. या आधी अनेक रुग्णालयांनी हे महाग सिमेंट सुरू केले होते.

संसर्ग झाल्यावर : एक टप्पा की दोन

संसर्ग जुना झाला, धातू बायोफिल्मने माखला, की नुसते धुऊन भागत नाही. सांधा काढावा लागतो. दोन टप्प्यांचे समर्थक म्हणतात की काढा, सडलेले सगळे खरवडा, औषधाने भरलेला स्पेसर ठेवा, जंतू मेल्याची खात्री करा, मगच नवा सांधा. एका टप्प्याचे समर्थक म्हणतात की खरवडणे कसून केले, जंतू आधीच ओळखला आणि त्याला लागू पडणारे औषध सिमेंटमध्ये घातले, तर रुग्णाला दोनदा झोपवायची गरज नाही.

दोन टप्प्यांत यश बहुतेक मालिकांत 80 ते 90 टक्क्यांच्या आसपास सांगतात. हा आकडा जरा फसवा आहे. दोन्ही टप्पे पुरे झालेल्यांचाच तो अनेकदा असतो. पहिल्या टप्प्यानंतर काही रुग्ण दगावतात, काहींची प्रकृती दुसरी शस्त्रक्रिया सोसत नाही, काही स्पेसरवरच चालत राहतात. असे रुग्ण दहांत एक-दोन निघतात आणि हिशेबातून गळतात. दुसरीकडे हॅम्बुर्गच्या एंडो-क्लिनिकने एका टप्प्यानंतर दहा वर्षे पाठपुरावा केलेल्या गुडघ्यांत 93 टक्के संसर्गमुक्त असल्याचे 2016 मध्ये मांडले. तिथेही प्रश्न आहेतच. तिथे या एकाच कामात अनेक दशके घालवलेला चमू आहे. जंतू आधी सापडलेलाच नसेल, त्वचा आणि मांस फार खराब असेल, अशा रुग्णांना एका टप्प्याच्या वाटेवर घेतच नाहीत.

म्हणून यादृच्छिक चाचणीची गरज होती. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या केंद्रांनी संसर्ग झालेल्या खुब्यांच्या 140 रुग्णांवर ती केली. 2022 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या निकालात अठरा महिन्यांनी वेदना, आखडलेपण आणि हालचाल यांत दोन्ही गट सारखेच होते. एका टप्प्याचे रुग्ण लवकर सुधारले, शस्त्रक्रियेदरम्यानच्या गुंतागुंती कमी झाल्या आणि खर्चही कमी आला. चाचणीची मुख्य कसोटी रुग्णाला कसे वाटते ही होती, संसर्ग पुन्हा उलटला का ही नव्हती. आणि खुब्याचा निकाल गुडघ्याला तसाच्या तसा लावता येत नाही. तरीही 'दोन टप्पे हेच सुवर्णमानक' हे वाक्य आता पूर्वीच्या ठामपणे म्हणता येत नाही.

या वादात सिमेंट कुठे आहे? सगळीकडे आहे, आणि तेच अवघड आहे. एका टप्प्यात नवा सांधा औषधी सिमेंटने बसवतात, दोन टप्प्यांत स्पेसर औषधी सिमेंटचा असतो. यशाचे श्रेय खरवडण्याला किती, शिरेतल्या औषधाला किती आणि सिमेंटमधल्या औषधाला किती, हे वेगळे काढून दाखवणारा अभ्यास जवळजवळ नाहीच. औषधाविना स्पेसर ठेवून तुलना करायला कोणती नीतिसमिती सहज परवानगी देईल?

शिरेतल्या औषधांबद्दल मात्र पुरावा पुढे सरकला आहे. 2019 च्या ब्रिटिश चाचणीत हाडासांध्यांच्या संसर्गाच्या 1,054 रुग्णांत पहिल्या सहा आठवड्यांत शिरेऐवजी तोंडावाटे प्रतिजैविके दिली तरी वर्षअखेरीचे निकाल वाईट नव्हते. फ्रान्समधल्या 2021 च्या चाचणीने उलट सांगितले की कृत्रिम सांध्याच्या संसर्गात बारा आठवड्यांऐवजी सहाच आठवडे औषध दिले तर संसर्ग टिकून राहण्याचे प्रमाण 9.4 वरून 18.1 टक्क्यांवर जाते. स्थानिक औषध भरपूर असेल तर हा काळ आखडता येईल का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे.

मोडलेली हाडे, मणी आणि सळया

पाश्चात्त्य आढाव्यांत हा विषय बहुधा कृत्रिम सांध्यांपुरता असतो. भारतात त्याचे दुसरे अंग तितकेच मोठे आहे. दुचाकीवरून पडून नडगी फुटलेला तरुण, आधी कुठेतरी घाईत बसवलेली सळई, महिन्याभरात वाहू लागलेली जखम, न जुळलेले हाड. आपल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ही कहाणी रोज दिसते.

उघड्या अस्थिभंगात टोब्रामायसिनचे मणी ठेवल्यास संसर्ग घटतो असे ऑस्टरमन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 1,085 अस्थिभंगांवरून मांडले. मणी घातलेल्यांत 3.7 टक्के, न घातलेल्यांत 12 टक्के. ही यादृच्छिक चाचणी नव्हती, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. संसर्ग झालेल्या न जुळलेल्या हाडासाठी सळईवर औषधी सिमेंटचा थर चढवण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुजली आहे. छातीत घालतात त्या नळीचा साचा करून त्यात सिमेंट भरतात, मधोमध सळई ठेवतात, कडक झाल्यावर नळी चिरून काढतात. खर्च थोडा, संसर्गावर औषध आणि हाडाला आधार दोन्ही एकदम. पुण्याच्या संचेती इन्स्टिट्यूटच्या शल्यचिकित्सकांनी 2009 मध्ये या पद्धतीचा आपला अनुभव भारतीय अस्थिशल्य नियतकालिकात मांडला. हाडातली तूट मोठी असेल तर सळईने संसर्ग आटोक्यात आला तरी हाड भरून काढायला वेगळा उपाय करावा लागतो, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

मोठ्या तुटीसाठी फ्रान्सच्या आलँ मास्कले यांचे तंत्र वापरतात. पोकळीत सिमेंटचा ठोकळा ठेवतात, सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पातळ पडदा तयार होतो, मग ठोकळा काढून पडद्याच्या पिशवीत हाडाचा चुरा भरतात. गंमत म्हणजे खुद्द मास्कले यांनी त्या सिमेंटमध्ये प्रतिजैविक घालण्याचा आग्रह धरला नव्हता. खरवडणे पुरेसे हवे, औषधाने अपुरी सफाई झाकली जाते, असे त्यांचे म्हणणे. बाकी जगाने मात्र सवयीने औषध घातलेच.

नुकसानीची बाजू

शरीरात औषध जात नाही असे म्हणतात ते कमी मात्रेच्या सिमेंटबाबत बऱ्याच अंशी खरे. जास्त मात्रेच्या स्पेसरनंतर मूत्रपिंडाला तात्पुरती इजा होते, आणि तिचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत पाच टक्क्यांपासून वीस टक्क्यांपलीकडे गेलेले दिसते. या रुग्णांना त्याच वेळी शिरेतूनही व्हँकोमायसिन चालू असते, रक्त गेलेले असते, वय झालेले असते. त्यामुळे दोष एकट्या सिमेंटवर टाकता येत नाही. पण स्पेसर घातलेल्या रुग्णाच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) वरचेवर तपासावे, याबद्दल दुमत नाही.

दुसरी चिंता त्या बारीक धारेची. औषधाची पातळी जंतू मारण्याच्या मात्रेखाली आठवडे राहिली, तर वाचलेले जंतू प्रतिरोधक निघू शकतात. जेंटामायसिन सिमेंट वापरलेल्या खुब्यांत पुढे संसर्ग झाला तेव्हा सापडलेले स्टॅफिलोकोकस बहुतेक वेळा जेंटामायसिनला न जुमानणारे होते, असे ब्रिटनमधून 1989 मध्येच नोंदले गेले. काढलेल्या मण्यांवर आणि स्पेसरवर जिवंत जंतू सापडतात. औषध संपल्यावर सिमेंट ही स्वतःच एक परकी वस्तू उरते आणि जंतूंना घर देते. नॉर्वे-स्वीडनमध्ये पन्नास वर्षांच्या वापरानंतरही प्रतिरोधाचा मोठा उद्रेक झाला नाही, हा समर्थकांचा मुद्दाही खराच. पण त्या देशांत प्रतिजैविकांचा एकूण वापरच काटकसरीचा आहे. आपल्याकडचा वापर तसा नाही.

बाकी तक्रारी यांत्रिक आहेत : स्पेसर तुटतो, निसटतो, हाड झिजवतो.

विरघळणारे पर्याय

सिमेंट काढावे लागते ही त्याची मूळ अडचण. म्हणून शरीरात विरून जाणाऱ्या वाहनांकडे लक्ष गेले. प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ड्रेसमान या जर्मन वैद्याने 1892 मध्येच हाडाच्या पोकळ्यांत भरले होते. आज त्याचे औषधी मणी मिळतात. ते विरघळतात, त्यामुळे आतले सगळे औषध बाहेर येते, आणि रिफाम्पिसिनसारखी औषधेही त्यात बसतात. पण जखमेतून पांढरा स्राव अनेक दिवस वाहतो, कधी रक्तातले कॅल्शियम वाढते. कॅल्शियम सल्फेट आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे मिश्रण, जंतूंना नकोशी परिस्थिती करणारी बायोअ‍ॅक्टिव्ह काच, जखम बंद करताना भुरभुरलेली व्हँकोमायसिन पावडर हे आणखी पर्याय. पावडरीसाठी अमेरिकेतल्या 980 रुग्णांच्या चाचणीत गुडघ्या-घोट्याजवळच्या अस्थिभंगांत काहीसा फायदा दिसला. यांतले काहीही सांध्याला आधार देत नाही. ते काम अजून सिमेंटच करते, आणि त्याचे स्थान टिकून आहे ते मुख्यतः यामुळे.

काय अनिर्णित आहे

अनिर्णित प्रश्न मोजायला गेलो तर यादी लांबेल. त्यांतले तीन महत्त्वाचे वाटतात. गुडघ्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेत औषधी सिमेंटचा फायदा आहे की नाही. स्पेसरमधल्या औषधाची मात्रा किती असावी; 3.6 ग्रॅमचा आकडा रूढीने चालत आला आहे, मोजणीने नव्हे. आणि जिथे ग्राम-निगेटिव्ह जंतू जास्त आहेत तिथे व्हँकोमायसिन-जेंटामायसिनची पाश्चात्त्य जोडी कितपत पुरते.

हा तिसरा प्रश्न आपला आहे. अपघातानंतरच्या संसर्गात आपल्याकडे क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर हे ग्राम-निगेटिव्ह जंतू मोठ्या प्रमाणात सापडतात, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रतिरोधाची वार्षिक टेहळणी दरवर्षी गंभीर चित्र दाखवते. मेरोपेनेम, कोलिस्टिन सिमेंटमध्ये मिसळण्याचे प्रयत्न त्यातूनच आले आहेत. प्रयोगशाळेत मेरोपेनेम सुटते, रुग्णांवरचा अनुभव मात्र छोट्या मालिकांपलीकडे नाही. शेवटच्या फळीची औषधे अशा रीतीने वापरावीत का, यावर देशाचे धोरण नाही.

माझ्या मते आजच्या पुराव्यावर इतके म्हणता येते. खुबा सिमेंटने बसवायचा असेल तर कमी मात्रेचे औषधी सिमेंट वाजवी आहे. गुडघ्यात ते धोक्याच्या रुग्णांपुरते ठेवले तरी कोणी दोष देऊ नये. संसर्गाच्या उपचारात ते उपयुक्त आहे, पण खरवडण्याच्या कामाची जागा घेत नाही. यापुढचे भारतीय उत्तर भारतीय नोंदींतूनच यायला हवे. खुबा आणि गुडघा शल्यचिकित्सकांच्या भारतीय संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि अस्थिभंगांतल्या मण्या-सळयांची तर कुठेच नोंद होत नाही.

तोवर एक लहान गोष्ट प्रत्येक शस्त्रक्रियागृहात आजपासून करता येईल. सिमेंटच्या किती पुड्या, त्यात कोणते औषध, किती ग्रॅम, हाताने मिसळले की तयार होते, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात आणि रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहावे. सांधा पुन्हा उघडायची वेळ आली तर पुढच्या डॉक्टरला सर्वांत आधी हेच हवे असते. कार्डावर ही ओळ नसेल, तर रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी ती मागून घ्यावी.